ऐकू येत नाही का रे तुला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी अलिबागची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गावाच्या नावाने मराठीत एक प्रश्न विचारला जातो. ‘मी काय अलिबागहून आलोय?’ समोरचा आपल्याला वेडा समजतोय असं वाटलं की माणसं असं विचारतात. २०१९ साली आमच्याच तालुक्यातल्या एका गृहस्थांनी या वाक्प्रचारावर बंदी आणा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. मला ते पटलं. त्या प्रश्नाचं उत्तर कुणाला हवं नसतं आणि कुणी ते देतही नाही.

असाच आणखी एक प्रश्न आपण घराघरांत दिवसातून दहा वेळा विचारतो. पोराला हाक मारली आणि ते आलं नाही, की आपण ओरडतो, ‘ऐकू येत नाही का रे तुला? बहिरा झालास का?’ याही प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. पण गेली तीसहून अधिक वर्षं मी कान तपासण्याचं आणि बोलायला शिकवण्याचं काम करते आहे, आणि माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं. काही घरांत ते ‘हो’ असं असतं, आणि ते कळायला फार उशीर होतो.

आमच्या घरीही झाला. ती गोष्ट आधी सांगते.

१९८८ साल. मी तेव्हा मुंबईत याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाला होते. भाऊ-वहिनी नागावला आमच्या जुन्या घरात राहायचे. माझा भाचा तेव्हा नऊ महिन्यांचा, गुटगुटीत आणि हसरा. गणपतीला मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून घरी आले, आणि पहिल्याच रात्री वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “वन्सं, याला ऐकू येत नाही असं मला वाटतं.” का, म्हटलं. तर म्हणाली, “आज आरतीत झांजा वाजत होत्या, माझ्या कानाला दडे बसले. हा मांडीवर झोपला होता, त्याची पापणीसुद्धा हलली नाही.”

घरातले सगळे तिच्यावर तुटून पडले. आई म्हणाली, पोर गुणी आहे म्हणून झोपतं, उगाच दृष्ट लावू नकोस. भाऊ हसला. आणि मी, दीड वर्ष शिकलेली तज्ज्ञ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षा घ्यायला बसले. वहिनीने त्याला मांडीवर घेतलं, मी मागच्या दारातून हळूच आले आणि टाळी वाजवली. त्याने वळून पाहिलं. पुन्हा वाजवली, पुन्हा वळला. तिसऱ्यांदाही. मी निकाल दिला, “वहिनी, उगाच काळजी करतेस तू. छान ऐकू येतं त्याला.”

तो दोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलेना. मग सगळ्यांकडे कारणं तयार होती. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप तरी कुठे लवकर बोलला? वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. पोपटाचा उष्टा पेरू खायला घालून झाला. जिभेखालची तार कापून आणा, असंही कुणी सुचवलं. अखेर वहिनीनेच हट्ट धरला आणि दोन वर्षं दहा महिन्यांचा असताना त्याची मुंबईत रीतसर तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं, आणि ते जन्मापासूनच असावं असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग टाळीला तो वळला कसा? ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी, त्याच ओटीवर बसले असताना कळलं. आमच्या घराचं मागचं दार पश्चिमेला, समुद्राकडे. संध्याकाळी त्या दारातून ऊन थेट आत येतं. मी दारात उभी राहिले की माझी सावली त्याच्या समोरच्या भिंतीवर पडायची. बाळ सावलीला वळत होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याचा सगळा कारभार डोळ्यांवर चालतो, आणि ते डोळे भलतेच तल्लख होतात.

मी हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण आजही माझ्याकडे येणारे निम्मे पालक हेच सांगतात. “मॅडम, ताट पाडलं की बघतो हो.” ताट पडलं की जमीन हादरते. दार आपटलं की वारा लागतो. आई खोलीत आली की तिच्या साडीची हालचाल दिसते, फोडणीचा वास येतो. घरी पाहायचंच असेल तर असं पाहा. बाळाला कुणीतरी समोरून खेळण्यात गुंतवावं. दुसऱ्याने मागे, जरा बाजूला, दोन-तीन हात लांब उभं राहावं. सावली पडू नये, वारा लागू नये, पाय आपटू नये. आणि आवाज मोठा नको, बारीक हवा. आधी चाव्यांचा जुडगा हलवा किंवा कागद चुरगळा, मग थोड्या वेळाने हलक्या आवाजात हाक मारा. एवढं करून बाळ वळलं तरी मनातली शंका गेली नसेल, तर ती माझ्यासारख्या टाळीवाल्यांच्या भरवशावर सोडून देऊ नका. आईला शंका आली, एवढं कारण तपासणीला पुरतं.

आता कान कसा फसवतो ते सांगते. कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक करणं, असं आपण समजतो. बहुतेक वेळा तसं नसतं. जाड आवाज ऐकू येतात आणि बारीक, शिट्टीसारखे आवाज गळतात. मोटारसायकल कळते, ढोल कळतो, लाँचचा भोंगा कळतो. घरचे म्हणतात, भोंग्याला तर धावत सुटतो! पण बोलण्यात ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जाड आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘क’, ‘त’ हे आवाज बारीक. म्हणजे त्या मुलाला ‘सात’, ‘हात’, ‘काका’ या सगळ्यांतून ऐकू येतो तो ‘आ’. आपल्या मराठीत तर व्याकरणाचा मोठा भाग शब्दांच्या शेपटीला बांधलेला. ‘घर’ आणि ‘घरात’, ‘गेला’ आणि ‘गेलास’. ती शेपटीच ऐकू आली नाही तर वाक्याचा अर्थ कसा लागणार? असं मूल पाचव्या वर्षी बोलतं, पण त्याचं बोलणं मोडकं असतं, आणि शाळेत त्याच्यावर शिक्का बसतो: लक्ष नसतं, ढ आहे.

ओठांवरून समजून घेईल, असंही लोक म्हणतात. आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता म्हणा, ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’. काही फरक दिसला? ‘क’ आणि ‘ग’ तर घशात होतात, ओठांवर येतच नाहीत.

मग बाळाकडून अपेक्षा कशाची करायची? नवजात बाळ मोठ्या आवाजाने दचकतं. तीन महिन्यांचं रडणारं बाळ आईच्या नुसत्या आवाजानेही थांबतं. सहा महिन्यांच्या आसपास ते आवाजाच्या दिशेला मान वळवतं, आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होतं. इथे एक खोच आहे. ऐकू न येणारी बाळंसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतात, हसतात, गुरगुरतात, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. ‘बाबाबा’चा टप्पा मात्र त्यांना नीट गाठता येत नाही, आणि आधीचे आवाजही कमी होत जातात. आधी बडबडायचं, आता गप्प झालं, असं वाटलं तर ते बाळ शहाणं झालं म्हणून नाही.

वर्षाचं मूल नावाला ओ देतं, एखादा शब्द बोलतं. ‘टाटा कर’, ‘दिवा कुठाय’ हे त्याला कळायला हवं, आणि तेही आपण हात न हलवता, दिव्याकडे न बघता. चमचा दाखवून ‘मंमं’ म्हटलं तर मूल चमच्याला समजतं, शब्दाला नाही. दीड वर्षाला अर्थाचा एकही शब्द नसेल तर वाट पाहू नये. दोन वर्षांचं मूल ‘दूध दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडतं. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं शेजाऱ्यांनाही बऱ्यापैकी कळायला हवं. आणि आलेले शब्द जर गेले, मूल नजरेला नजर देईनासं झालं, तर वय कोणतंही असो, लगेच दाखवा. त्याचा संबंध दर वेळी कानाशीच असतो असं नाही, स्वमग्नतेशीही असू शकतो. पण सुरुवात कान तपासण्यापासूनच होते.

काही बाळांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. दिवस भरायच्या आत जन्मलेली, वजन फार कमी असलेली, काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली, जोराची कावीळ झालेली, मेंदूज्वरातून उठलेली. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाच्या कानांवर परिणाम होतो. त्याची लस आता सरकारी लसीकरणात आहे, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली होती. नात्यातल्या लग्नांतही धोका वाढतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न ही तर आपल्याकडची जुनी हौस. पण घराण्यात कुणालाच नाही म्हणून आपल्याकडे होणार नाही, हा हिशेब चुकीचा. ऐकू न येणारी बहुतेक मुलं चांगलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात.

हल्ली एक नवं कारण मिळालं आहे, मोबाइल. मूल बोलत नाही? मोबाइल बघतो ना सारखा! मोबाइलचं मी कौतुक करत नाही, दोन वर्षांच्या मुलाच्या हातात तो असूच नये. पण पूर्वी पोपटाच्या पेरूवर गेलेले महिने आता मोबाइल काढून घेऊन ‘बघू काय फरक पडतो’ म्हणण्यात जातात. आधी कान तपासा, मग मोबाइलला हव्या तेवढ्या शिव्या द्या.

इतकी घाई कशाला, असं कुणी विचारील. मेंदूचा जो भाग आवाजातून भाषा विणतो, तो पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने घडतो. त्या काळात त्याला आवाज मिळाले नाहीत, तर ती जागा दुसऱ्या कामाला जाते. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये झालेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत दोष लक्षात येऊन लगेच उपचार सुरू झालेली मुलं भाषेत, उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. त्यावरून आमच्या क्षेत्रात एक हिशेब रूढ झाला. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत उपचार. माझा भाचा या हिशेबात कुठे बसतो, ते तुम्हीच बघा.

तपासणीची भीती बाळगू नका, सुई नाही की रक्त नाही. पहिल्या चाचणीत कानात छोटं बोंडूक ठेवून बारीक आवाज सोडतात. निरोगी आतला कान त्याला फार क्षीण असा प्रतिध्वनी देतो, तो यंत्र टिपतं. कान असं बोलतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं. दुसरी चाचणी बेरा. डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात, आणि त्यासाठी बाळ झोपलेलं लागतं. आमच्याकडची बाळं लाँचच्या डुलण्याने वाटेतच मस्त झोपतात आणि दवाखान्यात टक्क जागी! म्हणून सांगते, त्या दिवशी प्रवासात बाळाला शक्यतो जागं ठेवा.

खोली शांत लागते ती उगाच नाही. आमच्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्याने सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली. कानाचंही तसंच आहे. बाहेर रिक्षा तडतडते आहे आणि आत कुणीतरी कान तपासतो आहे, अशा तपासणीवर विश्वास ठेवू नका.

सोयी आता आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवतं. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि डॉक्टरांना मनातली शंका तोंडाने सांगा, कारण गर्दीत त्यांना ती आपोआप दिसणार नाही. अडचण पुढे असते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, मग वडखळवरून एसटी, एका दिवसाची मजुरी बुडते, आणि ‘पाऊस संपला की जाऊ’ म्हणता म्हणता दिवाळी येते. बाळाच्या आयुष्यातले चार महिने म्हणजे किती, ते मघाच्या हिशेबावरून लक्षात येईल.

निदान झाल्यावर आई रडते, बाप आठवडाभर बोलत नाही, आणि आजी म्हणते एवढ्याशा पोराला यंत्र कसलं लावता, लोक काय म्हणतील. यंत्र काही महिन्यांच्या बाळालाही लागतं, आणि दोन्ही कानांना लागतं. कान वाढतो तसा साचा बदलावा लागतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते लवकर खराब होतं, म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावं. यंत्राने भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असते. ती महाग आहे, पण लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून मदत मिळते. तिथेही वयाची अट पाच वर्षांच्या आतली, म्हणजे पुन्हा घाई आलीच. आणि शस्त्रक्रियेनंतर मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागत नाही. ऐकायला शिकवावं लागतं, रोज, घरी, भाकरी थापता थापता. काही मुलांना खुणांची भाषा जवळची होते. तिला कमी लेखू नका, तिच्यात पूर्ण व्याकरण आहे. मुलाला वेळेत भाषा मिळायला हवी, ती कानाने येवो की डोळ्यांनी. ‘मूकबधिर’ हा जोडशब्द मात्र मला कधीच आवडला नाही. या मुलांचा गळा ठणठणीत असतो. जे कधी ऐकलंच नाही ते ती बोलणार कशी?

थोडं मोठ्यांविषयी. कान फुटला, वाहतो आहे, तर त्यात लसणीचं गरम तेल घालू नका. सर्दीनंतर मूल ‘काय? काय?’ करू लागलं, टीव्हीजवळ सरकलं, तर पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं, ते बरं होतं. घरातले आजोबा ‘तुम्ही सगळे पुटपुटता’ म्हणू लागले तर चिडण्याआधी त्यांना तपासून आणा. आणि रात्री धड झोपलेल्या माणसाचा सकाळी एक कान अचानक बंद झाला, तर मळ असेल म्हणून आठवडा काढू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, उपचाराला पहिले काही दिवसच मोलाचे असतात. जीभ अचानक अडखळू लागली, तोंड वाकडं झालं, तर तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब करून थेट मोठं रुग्णालय गाठा.

माझ्या भाच्याचं काय झालं, हे विचारायचं तुमच्या मनात असेल. यंत्र लागलं तेव्हा ते छातीवर पट्ट्याने बांधायचं, वायरी लोंबणारं होतं. वहिनीने दहा वर्षं त्याच्यासमोर बसून एकेक शब्द घडवला. तो शिकला, नोकरी करतो, लग्न झालं आहे, बोलतो. ओळखीच्यांना त्याचं बोलणं कळतं, नवख्यांना दोनदा विचारावं लागतं. फोनवर बोलायला त्याला आजही जड जातं. जी दोन वर्षं माझ्या टाळीने गेली, ती त्याच्या ‘स’ आणि ‘श’ मध्ये मला अजून ऐकू येतात.

या भाषणात त्याची गोष्ट सांगू का, म्हणून मी त्याला विचारलं. रेडिओ त्याला नीट कळत नाही, समोर ओठ नसतात ना. तो म्हणाला, “आत्या, सांग. पेपरात छापून आलं की वाचीन मी.” आणि एक अट घातली. “पहिल्यांदा आईला कळलं होतं, हे त्यात लिही.”